वारूळ बांधले कुणी?

बालमित्रांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, पळसाच्या झाडाखाली माणसाच्या उंचीचे एक वारूळ होते. त्यात एक नाग राहत असे. आतल्या गार दालनात वेटोळे घालून तो मुंग्यांना सांगे, "वारूळ माझं आहे. माझ्या आसऱ्याला राहता, तर राबायलाच हवं." मुंग्या बिचाऱ्या दिवसभर माती वाहत. त्यांची अंडी मात्र बाहेरच्या तापलेल्या कडेला असत. त्या उन्हाळ्यात तर बरीच अंडी करपून गेली.

माती वाहणारी एक मुंगी एकदा वावटळीत सापडली आणि थेट पळसाच्या फांदीवर जाऊन पडली. तिने खाली पाहिले आणि ती जागीच थबकली. जन्मभर तिने तोंडातला मातीचा कण तेवढा पाहिला होता. आता समोर सुळक्यांवर सुळके, बुरूज, खोल खोल दारे असलेला अख्खा गडच उभा होता. "एवढं कुणी बांधलं असेल?" ती पुटपुटली. मग तिला भिंतीवर चढणारी मुंग्यांची रांग दिसली. प्रत्येकीच्या तोंडात एकेक कण होता. ती सरसर खाली उतरली.

परत येऊन तिने सगळ्यांना हे सांगितले. एक म्हातारी मुंगी म्हणाली, "बाई गं, नागोबा रागावले तर आपलं काय होईल?"

"आजी, आपण राबायचं थांबलो तर नागोबांचं काय होईल, ते बघू या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नागाने फर्मावले, "माझं दालन मोठं करा." एकही मुंगी हलली नाही. नागाने फणा काढला, फूत्कार टाकले, कितीतरी मुंग्या चिरडल्या. उरलेल्या एकमेकींना बिलगून बसून राहिल्या. दिवसामागून दिवस गेले. वाऱ्याने भिंती झिजल्या, भेगा पडल्या. बुजवायला कुणीच आले नाही. नागाने शेपटीने माती सारून पाहिली, तर होती ती भिंतही ढासळली. अखेर छत कोसळले, तेव्हा तो धुळीतून कसाबसा बाहेर पडला आणि रानात निघून गेला.

मुंग्यांनी त्याच मातीचे वारूळ पुन्हा उभारले आणि मधले गार दालन अंड्यांना दिले. पहिली पिल्ले बाहेर आली, तेव्हा म्हातारी मुंगी त्या गारव्यात कितीतरी वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढी गार जागा आपणच बांधली होती, आणि बांधून झाल्यावर आपण कधी आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं."

तात्पर्य : जग राबणाऱ्यांच्या बळावर उभे असते, ते बळ त्यांनी ओळखले आणि ते एक झाले, की आयत्या बिळावरच्या नागोबाला थारा उरत नाही.