बांधाखालची मागची दारं

फार फार पूर्वी बांधाखालच्या उंदरांनी धामणीच्या धाकाने साळिंदराला राखणीला ठेवलं. प्रत्येक बिळाचं मागचं दार पाल्याने झाकलेलं असे. ते संकटातच उघडायचं, असा रिवाज. धामण मागून शिरू नये म्हणून साळिंदराने पाल्याखाली दगड घालून काही दारं बुजवली.

"कोणती बुजवलीत, दादा?" लेकुरवाळ्या चिंगी उंदरिणीने विचारलं.

"सांगितलं तर धामणीला कळेल."

बाकीचे उंदीर चिंगीवरच उखडले.

पुढे धामण आली ती नेमकी एका न बुजवलेल्या मागच्या दारातून. पळणारे उंदीर दगडांवर आपटले. चिंगीचं एक पिल्लू गेलं.

"धामणीला सगळं ठाऊक होतं," चिंगी म्हणाली. "मग गुपित ठेवलं कोणापासून?"

साळिंदराने गंभीरपणे मान डोलावली. "चौकशी करतो."

संध्याकाळी चौकशी सुरू झाली. साळिंदर चिंगीच्या मागच्या दारावर दगड रचत होतं.