यादीतली बेचाळिसावी होडी

समुद्रकाठी कोंडबंदर नावाचे मच्छीमारांचे एक गाव होते. तिथे जयवंती कोयंडे नावाची एक विधवा बाई राहत असे. तिने वीस वर्षे डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा गावच्या मच्छीमार सोसायटीने तिला एक बसून करायचे काम दिले. होड्यांची नोंद ठेवायचे.

हे काम वहीतले नव्हते, फोनवरचे होते. गावच्याच समीक्षा पराडकर या मुलीने शहरात इंजिनियर झाल्यावर सोसायटीसाठी एक अॅप करून दिले होते. पहाटे होडी निघाली की तिचा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, फोनवर ‘निघालो’ दाबी. मग यादीत त्या होडीची ओळ लाल होई. परत आल्यावर तो ‘पोचलो’ दाबी आणि ओळ हिरवी होई. ही यादी कुणा एकाच्या फोनमध्ये नसे. ती दूरवरच्या मोठ्या संगणकांत साठे. लोक त्याला क्लाउड म्हणत. त्यामुळे गावातल्या कुठल्याही घरातून, कुठल्याही फोनवर ती वाचता येई.

गावावर या अॅपचे मोठे उपकार होते. पूर्वी होडीला उशीर झाला की घरातल्या बाया वाळूवर जाऊन उभ्या राहत. कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. आता ओळ हिरवी झाली की चुलीवर भात चढे. एकदा वादळात भरकटलेली एक होडी, तिची ओळ लाल राहिली म्हणूनच लवकर सापडली होती. गावातल्या म्हाताऱ्या बायका समीक्षा भेटली की तिच्या डोक्यावरून हात फिरवीत.

जयवंतीची कामाची रीत जरा निराळी होती. इतर लोक रंग बघत. ती ओळी वाचत असे. होडीचे नाव, तांडेलाचे नाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, आणि शेवटी यादीच्या तळाशी असलेला एकूण होड्यांचा आकडा. त्याला पाव तास लागे. बायका तिला हसत. “काय गे, पोथी वाचतंस काय?” असे विचारीत. तीही हसे आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवी.

डिसेंबरातल्या एका दिवशी गावात समारंभ होता. एकही होडी न हरवता सोसायटीने दोन वर्षे पूर्ण केली होती. त्याबद्दल जिल्ह्याहून एक अधिकारी बाई येऊन सोसायटीचा आणि समीक्षाचा सत्कार करणार होत्या. वेळ दुपारी चारची होती. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. सोसायटीचे चेअरमन दामोदर केळुसकर सकाळपासून धावपळ करत होते. सगळ्या होड्यांनी लवकर परत यावे, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

तीन वाजता जयवंती मांडवातल्या एका खुर्चीवर बसली आणि तिने रोजच्यासारखा फोन उघडला. यादी हिरवीगार होती. एकही लाल ओळ नव्हती. ती समाधानाने खाली सरकत गेली. शेवटी आकडा आला. एकूण होड्या एक्केचाळीस.

तिचे बोट थांबले.

कालपर्यंत गावात एक्केचाळीस होड्या होत्या. काल दुपारी तिने स्वतः एक नवी होडी यादीत घातली होती. तातू धुरत याने एक जुनी होडी विकत घेऊन तिला नवे इंजिन बसवले होते, आणि आज तो त्या होडीने पहिल्यांदा समुद्रावर जाणार होता. म्हणजे आज बेचाळीस हव्या होत्या.

तिने यादी पुन्हा वाचली. तातू धुरत याचे नाव होते. होडी जलदेवी. पोचल्याची वेळ एक वाजून दहा मिनिटे. मग नाहीसे कोण झाले? तिने तिसऱ्यांदा वाचायला घेतले आणि मग तिच्या लक्षात आले. बाबल मोंडकराचे नावच यादीत नव्हते.

पण बाबल तर तिच्यासमोरच होता. मांडवाच्या खांबाला तो पताका बांधत होता.

“बाबल,” तिने हाक मारली, “तुजी होडी खंय आसा?”

“ती काय, समोर. मी एक वाजताच इलंय.”

“फोनात दाबलंस?”

“दाबलंय तर! जलदेवी, पोचली.”

बाबलच्या होडीचे नाव जलदेवी होते. तातूनेही आपल्या होडीचे नाव जलदेवीच ठेवले होते. काल नोंद करताना तातूच्या होडीला सरकारी नंबर अजून मिळालेला नव्हता, म्हणून तिने ती जागा रिकामी सोडली होती. नंबर नव्हता तेव्हा अॅपने नावावरूनच होडी ओळखली. त्याला वाटले ही तीच जुनी जलदेवी. त्याने नवी ओळ केलीच नाही, जुन्या ओळीवर तातूचे नाव लिहिले. दोन होड्या आणि ओळ एक. बाबल परत आला, त्याने ‘पोचलो’ दाबले, आणि तातू घरी पोचल्याचे सगळ्या गावाला दिसले.

रोज नवी नोंद केली की जयवंती ती परत उघडून वाचत असे. काल मात्र समारंभाच्या गडबडीत तिने फोनवर ‘नोंद झाली’ एवढे पाहिले आणि ती हार आणायला गेली होती.

ती उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तातूच्या घरी गेली. तातूची बायको सुलभा केसात अबोलीचा वळेसर माळत होती. समारंभाला निघायची तिची तयारी चालली होती.

“तातू इलो काय गे?” जयवंतीने विचारले.

“इलो मगे! फोनात हिरवा दिसता. मासे घालूक वरच्या बंदरात गेलो असतलो.”

“तू डोळ्यान बघलंस त्याका?”

सुलभाचा हात केसातच राहिला. “नाय,” ती म्हणाली.

तिथूनच जयवंतीने वरच्या बंदरातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तातू तिथे आला नव्हता. ती किनाऱ्यावर गेली आणि वाळूवर ओढलेल्या, खाडीत नांगरलेल्या सगळ्या होड्या तिने बोटाने मोजल्या. एक्केचाळीसच होत्या. हिरव्या रंगाची नवी पट्टी मारलेली तातूची होडी त्यांत नव्हती.

ती मांडवात परतली तेव्हा पावणेचार वाजले होते. खुर्च्या भरल्या होत्या. समोर मोठा फलक होता. अचूक नोंद, सुरक्षित गाव. क्षणभर तिचे पाय अडखळले. आपली चूक आजच, इथेच, एवढ्या माणसांत सांगायची? हे काम गेले तर पुन्हा डोक्यावर पाटी घ्यावी लागेल, हेही तिच्या मनात येऊन गेले. पण तातूबरोबर त्याचा मेव्हणा गुरुनाथ आणि शेजारचा आनाजीही होता. तीन घरची माणसे पाण्यावर होती आणि गाव सत्काराला बसले होते.

ती सरळ चेअरमनांकडे गेली.

“चेअरमनानू, तातूची होडी परत येऊक नाय. यादी चुकीची आसा. माजी चूक आसा. काल नोंद केलंय आणि वाचून बघूक नाय.”

चेअरमनांचा चेहरा उतरला. ते वाईट मनुष्य नव्हते. पण दोन वर्षांच्या कष्टांचे कौतुक दाराशी आले होते. ते हळू आवाजात म्हणाले, “जयवंती, पाव्हणे वाटेर आसत. समारंभ होऊंदे, मगे शोधूया. अर्ध्या तासान काय होतला?”

“अर्धो तास वारो थांबतलो, चेअरमनानू?”

चेअरमनांनी समुद्राकडे पाहिले. वारा जमिनीवरून सुटला होता आणि पताका समुद्राच्या दिशेने फडफडत होत्या. मग त्यांनी गळ्यातले उपरणे काढून खुर्चीवर टाकले आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. “तातू समुद्रात आसा,” ते म्हणाले. “होड्या काढा.”

समीक्षा पहिल्याच रांगेत बसली होती. सत्कारासाठी ती शहरातून आली होती. तिने फोनवर नोंदी उघडल्या आणि ती ओळ कधी, कुणी, कशी बदलली ते दोन मिनिटांत वाचून काढले. तिचे डोळे भरून आले.

“मावशी, ही चूक तुमच्या एकटीची नाही,” ती म्हणाली. “एका गावात एकाच नावाच्या दोन होड्या असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नंबर रिकामा असताना अॅपने नोंद घ्यायलाच नको होती. पण पहाटे तातूकाकांनी ‘निघालो’ दाबल्यापासून रेंज जाईपर्यंत त्यांचा फोन कुठे कुठे होता, ते त्याच नोंदीत आहे. ते कुठल्या दिशेने गेले ते यावरून कळतं.”

तेवढ्यात अधिकारी बाईंची गाडी आली. काय झाले ते ऐकताच त्यांनी हार घेतला नाही. उभ्या उभ्याच त्यांनी फोन करून गस्ती नौका मागवली. गावातल्या सहा होड्या खाडीतून बाहेर पडल्या. सगळ्यांत पुढे बाबल मोंडकराची जलदेवी होती.

त्या दिवशी वाळूवर पुन्हा बाया उभ्या राहिल्या. सुलभा पाण्यात घोट्याएवढी शिरली होती. जयवंती तिचा हात धरून उभी होती.

सूर्य मावळायला थोडा वेळ असताना बाबल परत रेंजमध्ये आला आणि त्याचा फोन लागला. वाऱ्याच्या आवाजात एकच शब्द कळला.

“गावले!” तिघेही सापडले होते.

तातूचे इंजिन सकाळी नऊलाच बंद पडले होते. वारा होडीला खोल पाण्याकडे ढकलत होता. नांगर तळाला पोचत नव्हता. तिथे फोनही लागत नव्हता. प्यायचे पाणी दुपारीच संपले होते. आणखी तासाभरात अंधार झाला असता आणि मग ती लहानशी होडी कुणाला दिसली नसती.

तिघेही किनाऱ्यावर उतरले. सुलभा रडत होती आणि हसतही होती. गुरुनाथाला आणि आनाजीला त्यांच्या घरच्यांनी घेरले. तातूला कुणीतरी पाणी पाजले. तो वाळूवर बसून म्हणाला, “आमका भय नाय वाटला. गावात सगळे फोन बघतत. आमी दिसलंव नाय तर कोण तरी येतलोच, असा मी गुरुनाथाक सांगत होतंय.”

समुद्रात ही तीन माणसे ज्या यादीच्या भरवशावर निर्धास्त होती, ती यादी दुपारपासून ते घरी पोचले असे सांगत होती.

मग चेअरमनांनी तातूला सगळे सांगितले. तातू उठला, जयवंतीजवळ गेला आणि वाकून तिच्या पाया पडला. “तू वाचलंस म्हणान आमी आज हय आसंव. देव तुजा बरा करो.”

“पाया पडा नको रे,” जयवंती म्हणाली. “चूक माजीच होती.”

“चूक गावाक सांगलंस, म्हणान आमी जगलंव,” तातू म्हणाला.

अधिकारी बाई तोवर थांबल्या होत्या. त्यांनी समारंभासाठी आणलेली शाल जयवंतीच्या खांद्यावर घातली. जयवंतीने ती काढून समीक्षाच्या खांद्यावर घातली. ती म्हणाली, “अॅप खोटा बोलूक नाय. आमी त्याका अर्धाच सांगलेला. तरी आकडो त्याना खरोच दाखवलो. एक्केचाळीस. तो दाखवलो म्हणानच माका कळला. तुजे उपकार आसत गे बाय.”

समीक्षाने तिला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी शहरात परत न जाता समीक्षा जयवंतीच्या ओटीवर बसली आणि तिने अॅप सुधारले. आता प्रत्येक होडीला तिचा स्वतःचा वेगळा क्रमांक मिळू लागला. तो असल्याशिवाय नोंद होईना. नवी नोंद केली की अॅप ती पुन्हा समोर आणून विचारू लागले, ‘वाचून पाहिली का?’ हा प्रश्न कसा लिहायचा ते जयवंतीनेच सांगितले होते.

चेअरमनांनी सोसायटीच्या सभेत सर्वांसमोर तिची क्षमा मागितली. ज्याला यादीत चूक दिसेल, त्याने ती लगेच सांगावी आणि सोसायटीने आधी त्याचे आभार मानावेत, मग चूक कुणाची ते बघावे, असा ठराव त्यांनी मांडला. तो एकमताने पास झाला.

सभेच्या संध्याकाळी सुलभा जयवंतीच्या घरी आली. ताटात तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि तातूने इंजिन दुरुस्त करून त्याच होडीतून आणलेल्या बांगड्याचे तिखले आणले होते. तिच्यामागून आणखी चारपाच बाया आल्या, आपापले फोन घेऊन.

“काकी,” सुलभा म्हणाली, “माका ती यादी कशी वाचूची, ता शिकव. नुसतो रंग नको. सगळा.”

जयवंतीने चटई पसरली. सगळ्या बसल्या. तिने सुलभाचे बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवले.

तात्पर्य: ज्या साधनाचे आपल्यावर उपकार आहेत, त्याने दाखवलेलेही नीट वाचावे आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावे, असे करणे हा अविश्वास नसून कृतज्ञता आहे, आणि आपली चूक वेळेवर उघड करणारा माणूस आभारालाच पात्र असतो.