माळाला घातलेली हाक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांना तोंडावर चार शब्द सुनावायची आणि माणसंही गुमान ऐकून घ्यायची.

राज्याच्या पश्चिम टोकाला, दाट रानाच्या डोंगरात साळू नावाची बाई राहायची. नवरा पाथरवट. रानात जायची त्यांच्या गावची एक रीत होती. रानाच्या कडेला वहाणा काढायच्या, मोठ्यानं म्हणायचं, "आले गं बाई मी, सांभाळून घे!" आणि थांबायचं. आतून कुणी ओ दिली, म्हणजे एखादं पाखरू बोललं, खार चिरकली, की मगच पाऊल टाकायचं. साळूनं ही रीत एक दिवसही चुकवली नव्हती.

पण राजाच्या मनात आलं, की पूर्वेच्या टोकाला तलाव बांधावा. साळूच्या नवऱ्याला बोलावणं आलं. संसार गाडीत भरला, मोरी गाय मागे बांधली आणि महिनाभर चालून दोघं तिथं पोचली. पाहतात तो काय, नजर जाईल तिथवर नुसता माळ!

"अगं आई गं!" साळू मटकन खालीच बसली. "झाड नाही, झुडूप नाही. इथं राहायचं कुणाच्या आधारानं?"

"माझ्या," नवरा म्हणाला. साळूनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्यानं दगड फोडायला निघून गेला.

साळूनं त्या माळावर पाऊल म्हणून टाकलं नाही. गायही दाराशीच बांधून ठेवली. हा उजाड माळ तिला भलतंसलतं खाऊ घालील, ही भीती! पुढ्यात कडबा टाकायची. मोरी डोंगरात चरलेली. ती हुंगायची आणि मान फिरवायची. पंधरा दिवसांत तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

जवळच्या गावचा जाणता गुराखी गाईला पाहून म्हणाला, "वहिनी, चार दिवसांत हिनं चारा धरला नाही, तर गाय हातची जाईल."

साळू ढसाढसा रडली. मोरी तिच्या आईनं लग्नात दिलेली. एवढ्या परमुलखात माहेरचं म्हणावं असं ते एकच जितंजागतं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दावं तुटलेलं आणि गाय गायब. साळू धडाधडा माळावर धावत सुटली. "मोरेऽ! मोरेऽ!" एवढ्यात एक टिटवी ओरडत थेट तिच्या डोक्यावर आली.

"थांब! तिथंच थांब! खाली बघ!"

साळूनं खाली पाहिलं. पावलापासून वीतभर अंतरावर चार अंडी. ठिपक्याठिपक्यांची, हुबेहूब खड्यांसारखी.

"डोळे फुटले का तुझे?" टिटवी कडाडली. "पंधरा दिवस झाले येऊन. हाक नाही, बोल नाही, आणि आज वहाणांसकट माझ्या घरात? तुमच्याकडे असंच शिरतात वाटतं?"

"मला वाटलं, इथं कुणीच राहत नाही," साळू चाचरत म्हणाली.

"विचारलं होतंस का कधी?"

साळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलीच रीत, आणि ती आठवण करून द्यायला पाखरू लागावं! तिनं कान पकडले. गाय शोधायची घाई होती, तरी ती माळाच्या कडेला परत गेली, वहाणा काढल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "आले गं बाई मी, सांभाळून घे!"

सगळं चिडीचूप. मग वर आभाळात चंडोल गाऊ लागला. डावीकडे तित्तिर बोलला. आणि लांब, उंचवट्याच्या पलीकडून आवाज आला, "हम्माऽ!"

साळूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती अनवाणी, जपून चालू लागली. आता तिला ससा बसून गेलेली जागा दिसली, नखाएवढी निळी फुलं दिसली, मुंग्यांनी वारुळाशी आणून टाकलेलं गवताचं बी दिसलं. उंचवट्यापलीकडे एक खळगा होता. तिथं पाण्याचा झिरा होता, हिवराचं झाड होतं, आणि त्याच्या सावलीत मोरी हिरवंगार गवत मचामचा खात होती. दाराशी बांधलेल्या गाईला जे पंधरा दिवस सापडलं नाही, ते सुटल्यावर एका सकाळीत सापडलं होतं.

"मला सोडून एकटीच रुळलीस होय गं?" साळू तिच्या गळ्यात पडून हसली. मोरीनं खाणं काही थांबवलं नाही.

पुढं मोरी व्याली. तलाव बांधून झाला, आणि त्यात मासे सोडायला राजानं समुद्रकाठचं एक कोळी कुटुंब आणवलं. कोळीण माळाकडे पाहत कपाळावर हात मारून म्हणाली, "ना लाट, ना वाळू! हितं हाय तरी काय?"

साळू तिचा हात धरून म्हणाली, "सांगते. आधी वहाणा काढ."

तात्पर्य: परका मुलूख मुका नसतो, आपण आधी हाक घालावी, मग तो ओ देतो.