मदारचाचाने वाघासमोर बंदूक धुतली

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या तळकोंडीत मदार शिकलगार नावाचा म्हातारा राहायचा. गावात ठासणीची बंदूक एकच, आणि ती राखायचं काम त्याचं. बार झाला की तो नळीत कढत पाणी ओतायचा, गजाला चिंधी गुंडाळून आतली काजळी काढायचा, तेलाचा हात फिरवायचा. शेवटी बंदुकीच्या कानात, म्हणजे आग आत जाते त्या बारीक छिद्रात, सुई घालायचा. त्याने धुतलेल्या नळीत दिवसा चांदणी दिसायची, असं म्हणतात.

पण माणूसच तो. एका दसऱ्याला सलामीचा बार निघाला आणि लगेच पंगत बसली. मदारने वरवर फडका मारून बंदूक खुंटीला लावली. उद्या धुऊ, म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

शिमग्याच्या तोंडावर रानात वाघ माजला. दोन माणसं गेली. मग एका भरदुपारी तो सगुणा धनगरणीच्या मागे लागला. शेरडं टाकून ती टेकडीवरच्या देवळात शिरली आणि दार ओढून घेतलं. दाराला कडी नव्हती. ती पाठ लावून बसली आणि बाहेरून वाघ फळ्या ओरबाडू लागला.

तिचा आरडाओरडा ऐकून गाव धावलं. मदारने घाईघाईत बंदूक ठासली आणि राणोजी पाटलाच्या हातात दिली, कारण नेम पाटलाचा. पाटलाने बाजूच्या कातळावरून नेम धरला, पेटता तोडा, म्हणजे धुमसती सुती दोरी, कानाला टेकवला. कानावरची दारू भस्सकन पेटली, धूर झाला, पण बार काही निघाला नाही.

पाटील गांगरला. वरून आणखी दारू ठासा म्हणू लागला. मदारने त्याचा हात धरला. आत एक बार अडकलेला. त्यावर दुसरा ठासला तर नळी फुटणार, पाटील जाणार आणि सगुणाही. आणि हे सगळं आपल्या आळसापायी, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याने बंदूक काढून घेतली आणि कातळावर मांडी ठोकून बसला.

"बंदूक मी धुतली नव्हती, पाटील," तो म्हणाला. "आता धुतो."

लोक आटप आटप करू लागले. तिकडे दाराची एक फळी निखळली. तेवढ्यात आतून सगुणाचा आवाज आला, "चाचा, बेतानं होऊ द्या. मी दार धरून हाय."

मदारने बाहीने डोळे पुसले आणि कामाला लागला. पाणी ओतून त्याने आतली दारू भिजवली, मळसूत्री टोकाचा गज गोळीत फिरवून ती ओढून काढली. पाणी थंडगार होतं, तरी नळीतून काळं पाणी वाफाळत बाहेर आलं, असं म्हणतात. कानात बघतो तर कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. सुईने त्याने एकेक कण काढला. सुकी चिंधी पांढरी निघेपर्यंत गज फिरवला. वाघसुद्धा दार सोडून बघत राहिला, असं म्हणतात. मग एक माप दारू, एक गोळी, गजाचे दोन ठोके.

वाघ पायरी उतरून कातळाकडे निघाला तेव्हा पाटलाने बार काढला. तीन दऱ्या दुमदुमल्या. वाघ पुन्हा उठला नाही.

सगुणा बाहेर आली तेव्हा लोक पाटलाला खांद्यावर घेऊन नाचत होते. मदार एकटाच खाली मान घालून पुन्हा नळी धूत बसला होता. ती त्याच्याकडे गेली. शेजारी बसली आणि त्याच्या हातावर पाणी ओतू लागली.

आता ती बंदूक कुणी उडवत नाही. पण तळकोंडीत दसऱ्याची पंगत मदारचाचाच्या नावाने बंदूक धुतल्याशिवाय बसत नाही. तिच्यामागून विळे, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर, सगळं धुतात. पहिलं पाणी ओतायचा मान सगुणाच्या घरातल्या बाईचा. कितीही भूक लागली तरी कुणी आटपा म्हणायचं नाही. म्हणेल तो त्या दिवशी उपाशी. गेल्या साली आताचे पाटीलच उपाशी राहिले.