पाठमोऱ्या बायकांचा किनारा

आमच्या आडवेळ गावाला पाहुणे येतात आणि होड्या परतायच्या वेळेला हटकून एकच विचारतात. या बायका समुद्राकडे पाठ करून का उभ्या? भांडण झालंय का? कुणी गेलंय का? काहीजण तर पुढे जाऊन त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात. तसं करू नये. या उपड्या होडीवर बसावं आणि ऐकून घ्यावं.

खाडीच्या तोंडाशी पांढरं पाणी फुटतंय, तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा आडवा पडलाय. भरतीला त्याच्यावरून होडी निवांत येते. ओहोटीला मात्र खाडीचं पाणी बाहेर ओढतं, समुद्राची लाट आत धावते, आणि दोघांची गाठ त्या दांड्यावरच पडते. तिथे लहान होडी आडवी झाली की संपलं. गावच्या होड्यांना दुसरी वाट नाही. जायचं तेही त्याच्यावरून, यायचं तेही त्याच्यावरून.

सांगतात ते असं, की नुसत्या शिडाच्या होड्या होत्या त्या काळात आवडू नावाची सून या गावात आली. माहेर खाडीच्या वरच्या अंगाला, भातशेतीतलं. समुद्र तिने लग्नानंतरच पाहिला म्हणे. नवरा हरबा होडीचा तांडेल, सुकाणू त्याच्या हातात. धाकटा दीर लडकू वल्ह्यावर. सासरा नव्हता. सासू सोनूबाय तोंडाची फटकळ, पण सुनेला जेवल्याशिवाय उठू देत नसे.

आवडूला नवऱ्याची हौस फार. दुपार कलली की ती धावत किनाऱ्यावर जायची आणि शीड दिसलं की लाल पदर काढून हवेत फडकवायची. बायका हसायच्या. जनी नावाची शेजारीण म्हणायची, "अगो, तो नवरा हाय का शेतातलं पाखरू? किती हाकलशील?" आवडू लाजायची आणि आणखी उंच फडकवायची. हरबालाही ते आवडायचं. लडकू त्याला चिडवायचा, "दादा, निशाण लागलं बघ. चल लवकर, नायतर वैनी पोहत येईल."

एका दुपारी होडी आली तेव्हा ओहोटी जोरावर होती. दांड्याबाहेर दगडी नांगर टाकून भरतीची वाट बघायची, हे कोळ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. हरबाने नांगर हातात घेतलाही होता. तेवढ्यात लाल पदर दिसला. ताटकळली असेल, असं त्याच्या मनात आलं आणि नांगर त्याने परत होडीत ठेवला.

आत येताना तांडेलाचा डोळा मागे लागतो, येणाऱ्या लाटेवर. हरबाचा डोळा पुढे होता, पदरावर. मागून लाट आली, तिने होडीची शेपटी उचलली, होडी आडवी झाली आणि उलटली. हरबाला लाटेने वाळूवर आणून टाकलं. लडकू दोन दिवसांनी सापडला.

हरबाने कुणाकडे बोट दाखवलं नाही. पण तापात बरळताना तो एकच म्हणत राहिला, "पदर दिसला, पाणी दिसलंच नाही." ते भिंतीपलीकडे गेलं आणि गावभर झालं. पाणवठ्यावर बायका आवडूला वाट देईनाशा झाल्या. जनी तर तोंडावर म्हणाली, "दिराला बोलावून मारलास."

सोनूबाय घागर खाली ठेवून उभी राहिली. पोटचा पोरगा गेलेली बाई ती. म्हणाली, "माझा लडकू दांड्याने नेला. हिने हात हलवला, समुद्र नाही हलवला. पुन्हा बोललीस तर ही घागर तुझ्या टाळक्यात फोडीन." आणि सुनेचा हात धरून घरी घेऊन गेली.

पण आवडूच्या मनातून ते जाईना. सासूने माफ केलं म्हणून माणसाचं स्वतःचं मन थोडंच माफ करतं? ती चुलीपुढे बसून विचार करायची. होडी चुकली कशाने? घाईने. घाई कशाने? कुणीतरी वाट बघतंय हे दिसल्याने. वाट बघणं तर तिला बंद करता येत नव्हतं. मग तिने समुद्राकडे हात जोडून शब्द दिला म्हणे: माझ्या माणसाच्या होडीचा तळ वाळूला लागेपर्यंत मी त्याला तोंड दाखवणार नाही.

दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या निघाल्या. हरबाबरोबर वल्ह्यावर आता जनीचा नवरा बाळो होता. चौथ्या दिवशी वारा फिरला. बाकीच्या होड्या सकाळीच आत आल्या, हरबाची मागे राहिली. ती दिसली तेव्हा ओहोटी लागली होती आणि दांड्यावर पाणी माडाएवढं उसळत होतं.

सगळा गाव किनाऱ्यावर धावला. कुणी हात हलवतंय, कुणी टोपी उडवतंय, जनी छाती पिटून नवऱ्याच्या नावाने हाका मारतेय. "या रे! लवकर या रे!"

आवडूचं काळीज फाटत होतं. डोळे तिकडेच ओढत होते. पण ती वळली, समुद्राकडे पाठ केली आणि ओरडली, "तोंडं फिरवा गो! सगळ्या फिरा! तुमचं हे बोलावणंच त्यांना मारील!"

जनी अंगावर धावून आली. "तुला दगडाचं काळीज असेल, मला नाय!"

आवडूने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गर्रकन फिरवलं. "माझा पण आहे त्या होडीत. ओरड, पण डोंगराकडे बघून ओरड."

सगळ्यांत आधी सोनूबाय फिरली आणि सुनेशेजारी उभी राहिली. मग एकेक बाई फिरली, मागोमाग पुरुषही. हात खाली आले. हाका थांबल्या.

बाहेर हरबाला काय दिसलं? नुसते अंबाडे आणि पाठी. कुणी बोलावत नव्हतं. कुणाला घाई नव्हती. त्याला कळलं म्हणे, तिथल्या तिथे. त्याने नांगर टाकला, किनाऱ्याकडे पाठ केली आणि पाण्याकडे बघत बसला.

इकडे बायका उभ्याच. ऊन कलायला लागलं. ओहोटी सरली, भरती लागली, पण आवडूला दिसत होते फक्त माड. लाट फुटली की ती मनात मोजायची. तीन मोठ्या, मग उसंत. पुन्हा तीन मोठ्या, पुन्हा उसंत. होडी बाहेर आहे, आत येतेय की उलटलीय, काही कळत नव्हतं. मान किती वेळा वळायला गेली, तिचं तिला माहीत. शेजारी सासूचा श्वास ऐकू येत होता, त्याच्या आधाराने ती उभी राहिली.

मग तीन मोठ्या फुटल्या, उसंत आली आणि वाळूवर खरखर ऐकू आली. होडीचा तळ. पण तळ मोडक्या होडीचाही घासतोच. पाण्यातून पावलं आली. एका माणसाची की दोघांची, तिला उमगेना. पावलं तिच्या मागे आली आणि थांबली. तिच्यापाशी नाही, सासूपाशी. सोनूबायने मोठ्याने हंबरडा फोडला.

संपलं, असंच आवडूला वाटलं.

तेवढ्यात तिच्या पाठीवर ओला हात पडला. जड, गार, खारा. हात कुणाचा, ते तिला न बघता कळलं. पलीकडे जनी बाळोला मारत होती आणि रडत होती.

हरबाने पहिला हात आईच्या पाठीवर ठेवला होता. दुसरा मुलगा जिच्याकडे कधी येणार नव्हता, तिच्या. म्हणून ती रडली. "आये," तो एवढंच म्हणाला, "भरती लागेपर्यंत थांबलो गो."

आवडूच्या चोळीवरची ती ओली खूण सात दिवस वाळली नाही, असं सांगतात. सात दिवस कुठली चोळी ओली राहते? मिठाचा डाग राहिला असेल. पण सांगतात तसं सांगितलं.

आता होड्यांना इंजिनं आली, खिशाखिशात मोबाईल आले. तरी दांडा ओलांडणाऱ्याला इथली कुठलीही बाई फोन लावत नाही. आजही होडी वाळूला लागली की तांडेल हात समुद्रात बुडवतो आणि बायकांच्या ओळीकडे चालत येतो. घरची बाई समोर असली तरी तिला थांबावं लागतं. ज्या बाईचं समुद्रावरून यायचं कुणी उरलेलं नाही, तीही रोज येऊन त्या ओळीत उभी राहते, आणि पहिला ओला हात तिच्या पाठीवर पडतो.