नायक नसलेलं कॉमिक

“मग नायक कुठं होता?” बुवांनी विचारलं.

“तेच तर म्हणतोय मी! नव्हताच.” शार्दूलनं फोन मांडीवर आपटला. “चोवीस पानांचं सुपरहिरोचं कॉमिक, आणि त्यात सुपरहिरोच नाही. लग्नाला बोलावलं, मांडव घातला, जेवणं वाढली, आणि नवराच नाही!”

त्यानं फोन पुन्हा उचलला.

“संतापच येतो, बुवा.”

“येऊ दे.”

हा शार्दूल चौबळ. एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत त्याचा स्तंभ असतो. त्या आठवड्यात जेवढी नवी सुपरहिरो कॉमिक्स बाजारात यायची असतात, तेवढी तो आधीच वाचतो आणि प्रत्येकाला तारे देतो. दुकानदार आणि वितरक ते तारे पाहून मागणी नोंदवतात. शार्दूलनं शून्य दिलं की ते कॉमिक दुकानाचं तोंड बघत नाही.

आणि हे भानबुवा. भगवी वस्त्रं घेण्यापूर्वी ते मुलांच्या मासिकाचे संपादक होते. शार्दूलचं पहिलं परीक्षण त्यांनीच लाल पेनानं सोलून काढलं होतं. तेव्हापासून त्याचा रिवाज असा, की लेख धाडण्यापूर्वी कृष्णाकाठच्या या मठात यायचं, ओसरीवर बसून बुवांना तो वाचून दाखवायचा आणि मगच पाठवायचा. बुवा ऐकतात. “हं” म्हणतात. शार्दूल चहा पितो, इथूनच लेख धाडतो आणि निघतो.

मठाचं स्वयंपाकघर माझ्याकडे. त्या दुपारी मी ओसरीच्या कडेला शेंगा फोडत बसलो होतो, म्हणून हे सगळं मला दिसलं.

लेखाची सुरुवात झकास होती. खोटं कशाला बोलू?

“रक्तगरुड पुन्हा मेला आहे,” शार्दूलनं वाचलं होतं. “गेल्या दिवाळीत मेला, होळीला परत आला, आता परत मेला. प्रकाशकांना नम्र प्रश्न. एकाच माणसाचं तेराव्याचं जेवण आम्ही किती वेळा जेवायचं?”

पुढं उल्काराणी. ती बर्फात लढते, आगीत शिरते, आणि अंगावर कापड मात्र रुमालाएवढं. “तिला थंडी वाजत नाही, कारण चित्रकार पंख्याखाली बसलेला असतो,” असं त्यानं लिहिलं होतं.

मग पोलादवीर. त्याच्या एकाच अंकाला सहा निरनिराळी मुखपृष्ठं, आत पानन् पान तेच. पोरांनी सहाही घ्यावीत म्हणून. “भांडं एकच, कल्हई सहा वेळा. आणि भांड्यात काही नाही.”

मी हसलो. मला रागही आला, शार्दूलला आला होता तसाच. पोरं खाऊचे पैसे साठवून ही पुस्तकं घेतात, आणि ही मोठी माणसं त्यांना कोंडा विकतात. असल्यांना झोडपलंच पाहिजे.

बुवा म्हणाले होते, “हं.”

मग शेवटी आलं ‘राखण’.

इचलकरंजीच्या तनुजा वायदंडे नावाच्या मुलीचं हे पहिलंच कॉमिक. चित्रं तिची, गोष्ट तिची, छपाईसुद्धा तिनंच करून घेतलेली. शार्दूलनं तिला असं काही धुतलं होतं की ऐकताना माझा हात शेंगेवरच थांबला.

“सुपरहिरोचं नाव सांगून बाईंनी आपल्याला दाखवलं काय, तर गावचा नळ, पाणी भरणारी एक बाई, सायकलवरून पडलेला पोस्टमन आणि एक झोपाळू कुत्रं. एका चौकटीचा दुसरीशी संबंध नाही. कडेनं काळे डाग सांडले आहेत. शाई जास्त झाली असावी. ही वाचकाची उघड फसवणूक आहे. शून्य तारे. बाईंनी दुसरा अंक काढू नये, ही हात जोडून विनंती.”

यावर बुवा “हं” म्हणाले नाहीत. त्यांनी तो प्रश्न विचारला. नायक कुठं होता?

शार्दूलचं उत्तर ऐकून त्यांनी पुढचं विचारलं.

“दुसरा अंक निघेल का मग तिचा?”

“कशाच्या जिवावर निघेल? शून्य बघितल्यावर वितरक हात लावत नाहीत. पहिल्या अंकाचे गठ्ठे तिच्या घरीच पडतील.” शार्दूल हसला. “बरंच आहे. लोकांचा वेळ वाचेल.”

“हं... ते काळे डाग कसले होते?”

“डागच. काय माहीत कसले?”

“पुस्तक दाखव.”

शार्दूलनं फोन पुढं केला. पडद्यावर एक चौकट होती, तीत पाण्याचा नळ. त्यानं बोट सारलं. दुसरी चौकट आली, बाईचा हात आणि हंडा. पुन्हा बोट. कुत्रं.

“असं बघतोस?”

“असंच बघतात आता सगळे. एका वेळी एक चौकट, मोठी, स्वच्छ. एसटीत उभ्याउभ्या तीन कॉमिक्स होतात.”

“हे नको. पुस्तक दाखव.”

शार्दूल कुरकुरला. पिशवीत हात घालून त्यानं एक खाकी पाकीट काढलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

“उघडलं नाहीस?”

“गरजच काय? स्तंभाचा नियम आहे, फाइल पाठवायची. तिनं फाइलही पाठवली आणि वर हे बाडही. नवखी आहे, बुवा. तिला कळत नाही.”

इथं माझं डोकं फिरलं. त्या पोरीनं पाकिटावर पत्ता किती सुबक अक्षरांत लिहिला होता! आणि ह्या राजश्रींनी ते पिशवीत घालून गावोगाव हिंडवलं, वर तिलाच अक्कल शिकवली. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण बुवांसमोर आपण बोलायचं नसतं.

बुवांनी नखानं पट्टी सोडवली. आतून कॉमिक निघालं, चांगलं मोठं, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं. त्यांनी ते मधोमध उघडलं, उठून उभे राहिले, आणि दोन्ही पानं पसरून छातीशी धरली. पोर शाळेतलं चित्र आईला दाखवतं तसं.

“बघ.”

शार्दूल वाकला. “तेच आहे. नळ. बाई. कुत्रं.”

“मागं सर.”

शार्दूल दोन पावलं सरला.

“अजून.”

“बुवा, मला चारपर्यंत लेख—”

“अजून मागं. तो फोन खाली ठेव.”

त्यानं फोन ओसरीवर ठेवला, पायऱ्या उतरला आणि अंगणात गेला. ऊन होतं. कपाळावर हात धरून तो चिडक्या चेहऱ्यानं मागं मागं जात राहिला. हौदाशी पोचला आणि तिथं...

तिथं तो थांबला.

मीही शेंगा टाकून खाली उतरलो. त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

ते डाग नव्हते. चौकटींच्या कडांनी सांडलेलं काळं एकमेकांना जाऊन मिळालं होतं आणि त्यातून एक माणूस झाला होता. दोन पानांएवढा माणूस. गुडघे टेकून तो गावावर ओणवा झाला होता. एक कोपर डाव्या पानाच्या कडेनं, दुसरं उजव्या पानाच्या. मान खाली, म्हणून तोंड दिसत नव्हतं. आणि त्याच्या दोन हातांच्या मधे तो नळ, ती बाई, तो पडलेला पोस्टमन, ते झोपलेलं कुत्रं.

बुवांनी पान उलटलं.

आता नुसता त्याचा पंजा होता, एका बोळावर धरलेला. बोळातली भिंत कललेली होती आणि खाली पोरं गोट्या खेळत होती.

आणखी एक पान. तो कुशीवर आडवा झाला होता, गावाच्या कडेनं, पाठ नदीकडे करून. नदीला पूर होता. गावात कुणाच्या तरी घरी बारसं चाललं होतं.

एकाही पानावर कुणी मान वर करून बघत नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. शार्दूल मात्र दगडासारखा उभा.

“प्रत्येक पानावर आहे?” त्यानं विचारलं.

“प्रत्येक.”

...

“तिनं सांगायला हवं होतं,” शार्दूल म्हणाला. आवाज आधी बारीक होता, मग चढला. “वर लिहायचं ना, की कागदावर बघा, लांबून बघा! मला काय स्वप्न पडणार आहे?”

“डोंगरावर पाटी असते का,” बुवा कडाडले, “की मला किती लांबून बघायचं?”

इतक्या वर्षांत मी बुवांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. हौदावरची कबुतरं उडाली.

“फाइल पाठवा हा नियम तुझा. तिनं पाळला. वर पुस्तक धाडलं. तू ते उघडलं नाहीस, आणि तिचा दुसरा अंक बंद करायला निघालास! रक्तगरुडावर रागावलास, ठीक. त्या सहा कल्हयांवर रागावलास, फार ठीक. तो राग तुला मीच दिला. पण लेका, न बघता रागवायला मी कधी शिकवलं तुला?”

शार्दूल पायऱ्या चढून वर आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

“मग ती बाकीचीही मी फोनवरच वाचलीत,” तो म्हणाला. “तीही पुन्हा बघायला हवीत का?”

“बघ हवं तर.” बुवा खाली बसले. “पण ती फोनवर मावतात.”

मला हसू आलं. शार्दूलला आलं नाही. त्यानं फोन उचलला.

“मी असं करतो. ‘राखण’चा मजकूर काढूनच टाकतो. या आठवड्यात तिच्याबद्दल बरं नाही, वाईट नाही.”

“मग वितरक काय करतील?”

“काय करणार?... नाव दिसलं नाही तर मागणार नाहीत.”

“म्हणजे शून्यच की.”

शार्दूलनं ते शून्य पुसलं. मग त्याची बोटं भराभर चालायला लागली. चेहऱ्यावर रंग परत आला. दमदार वाक्य सुचलं की त्याचं असंच होतं.

“ऐका, बुवा. ‘मराठी कॉमिकच्या इतिहासात असं धाडस आजवर कुणी केलं नाही. तनुजा वायदंडे यांनी नायकाची व्याख्याच बदलून टाकली आहे. जाणकार वाचकाच्या नजरेतून हे सुटणं शक्य नाही. पाच तारे.’ कसं वाटलं?”

बुवांनी कॉमिक मिटलं.

“मघाशी हेच पुस्तक होतं ना?”

“हो.”

“तिनं त्यात नंतर काही काढलं? एखादी रेघ?”

“नाही.”

“मग मघाशी शून्य होतं आणि आता पाच. हे पाच कुणाचे?”

शार्दूलनं पडद्यावरचं पुन्हा वाचलं.

“जाणकार वाचकाच्या नजरेतून सुटणं शक्य नाही,” बुवांनी सावकाश म्हटलं. एकेक शब्द त्याच्यापुढं ठेवल्यासारखा. “असं लिहिलंस तू. आत्ता. इथं बसून.”

...

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. फोन थरथरला. पुरवणीवाल्यांचा होता. शार्दूलनं तो उचलला नाही.

“खरं लिहिलं तर संपलं माझं,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात ताठा उरला नव्हता. “लोक विचारतील, इतकी वर्षं हा माणूस पान न बघता तारे वाटत होता का? ज्यांना मी बुडवलं ते सगळे उठतील. आणि उठावंच त्यांनी. पण, बुवा... या स्तंभाशिवाय माझ्याकडे काही नाही. लोक मला ओळखतात ते त्यामुळं. माझे तारे उद्या कोण मानणार?”

मला वाटलं, बुवा आता त्याच्या पाठीवरून हात फिरवतील. शिष्य रडकुंडीला आला की गुरू विरघळतो, असं आपण ऐकलेलं असतं. बुवा विरघळले नाहीत. त्यांचा राग तसाच होता, फक्त आवाज खाली आला होता.

त्यांनी ‘राखण’ दोन्ही हातांनी उचललं आणि शार्दूलच्या मांडीवर ठेवलं.

“तिनं तुला चोवीस पानं दिली,” ते म्हणाले. “तुझ्याकडून तिला एक खरं वाक्य येणं आहे.”

फोन पुन्हा थरथरला. शार्दूलनं लिहिलेले पाच तारे पुसले. त्याआधीचं शून्यही पुसलेलंच होतं. रिकाम्या पडद्याकडे बघत तो बराच वेळ बसला. अंगठा अक्षरांवर फिरायचा आणि मागं यायचा.

“सुचत नाही,” तो शेवटी म्हणाला. “दर आठवड्याला सुचतं. आज एक वाक्य सुचत नाही. तुम्हीच सांगा, बुवा. काय लिहू?”

बुवांनी अंगणाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“पुस्तक कसं आहे ते राहू दे,” ते म्हणाले. “तू कुठं उभा होतास, तेवढं लिही.”