जाखाईच्या गलबताचं परबाण

चपला तिकडे काढा आणि आत या. वर बघा, सभामंडपाच्या तुळईला टांगलंय ते गलबत. सगळे त्याचे फोटो काढतात आणि म्हणतात, किती बारीक काम! काम बारीक आहेच. डोलकाठी शिसवीची, शिडाचे दोर मेण लावलेल्या सुताचे आणि दोर ओढायची कप्पी करवंटीची, मुगाच्या दाण्याएवढी. पण ज्या तिरक्या लांब काठीला शीड बांधलंय, ती बघा. तिला परबाण म्हणतात. खऱ्या गलबतात परबाण दोराने वर चढवतात आणि बंदरात आलं की उतरवतात. इथे ते डोलकाठीला मेखा ठोकून बसवलंय. दोर नुसते दाखवायला आहेत. हे परबाण उतरत नाही.

पूर्वी उतरत असे. फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा आमच्या हरणटोकात मोठं असं एकच गलबत होतं. ते खाली मलबारात माल घेऊन जायचं. भिवा मेस्त नावाच्या सुताराने ते बांधलं आणि उरलेल्या लाकडातून हे लहान गलबत करून या जाखाईदेवीला वाहिलं. त्याची बोटं जाड, म्हणून परबाण बसवायचं आणि दोर ओवायचं काम त्याच्या मुलीने केलं. तिचं नाव द्वारकी. सुताला पीळ घालायची, मेण चोळायची आणि सुईने एकेक दोर कप्पीतून काढायची. गावाने तेव्हा रीत घातली, की मोठं गलबत निघालं की देवळात या गलबताचं परबाण चढवायचं आणि ते परत आलं की उतरवायचं. परबाण वर आहे तोवर जाखाईने आपली माणसं हातात धरून ठेवलीत, असं म्हणत. माणसं परत न येता परबाण उतरवलं, तर त्याचा अर्थ एकच. मग बायकांच्या बांगड्या फुटत.

द्वारकीचं लग्न त्याच मोठ्या गलबताच्या मुख्य खलाशाशी, तांडेल हिरबाशी झालं. एका वर्षी हिरबा माणसं घेऊन गेला तो शिमग्याला आला नाही. पाऊस लागला, समुद्र बंद झाला, तरी पत्ता नाही. द्वारकी रोज देवळात यायची, वर बघायची आणि घरी जायची. रडली नाही म्हणे. रडायचं कशाला, परबाण वर होतं.

आता गावचा मुख्य दुलबा गावकार. त्याने त्याच वर्षी नवं गलबत बांधलं होतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की त्याला माल घेऊन निघायचं होतं. पण देवळातलं परबाण आधीच चढलेलं. एका परबाणावर देवी एका वेळी एकच गलबत सांभाळते, अशी लोकांची समजूत. दुलबाच्या खलाशांनी हट्ट धरला की आमच्यासाठी परबाण चढल्याशिवाय आम्ही पाण्यात पाय घालणार नाही. म्हणजे आधीचं उतरवायला हवं. हिरबा आणि त्याची माणसं मेली, असं गावाने एकदा म्हणून टाकायला हवं.

द्वारकी देवळातल्या गावबैठकीत जाऊन उभी राहिली. त्या काळी बाई बैठकीत जात नसे.

"गावकारांनू, माझो घोव मेलो म्हणून तुमका कोणी सांगल्यान?" तिने विचारलं. आणि लगेच पुढे म्हणाली, "तुमका देवळात दुसरां गलबत व्हया ना? मी करून देतंय. ह्याका हात लावू नका."

दुलबा वाईट माणूस नव्हता, असं सांगतात. मला तसं वाटत नाही, पण सांगतात ते मी सांगते. तो म्हणाला, "कर. पौर्णिमेक तयार असलां तर बघू."

भिवा मेस्त तोवर वारला होता. बापाची हत्यारं काढून द्वारकीने एकटीने ते गलबत कोरलं. परबाणासाठी बांबूच्या दोन कामट्या टोकाशी एकमेकींवर ठेवून सुताने आवळल्या, अगदी खऱ्या परबाणासारख्या. पावसाळी हवेत मेण धरेना, पीळ सुटायचे, पुन्हा घालायची. कप्प्या कोरताना बोटं कापली. तिला म्हणे एवढंच ठाऊक होतं, की दोर नीट चालला तर नवरा जगेल. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने दोर ओढला, परबाण सरसर वर गेलं आणि ती पहिल्यांदा रडली.

सकाळी ती गलबत डोक्यावर घेऊन देवळात आली. आणि दुलबाचे खलाशी मागे सरले. त्यांच्यातला एक, तिचाच शेजारी, म्हणाला, "जिचो घोव परत इलो नाय, तिच्या हातचो दोर आमच्या गलबताक नको."

अहो, वरच्या गलबताचे दोरही तिच्याच हातचे होते! वर्षानुवर्षं त्याच दोरांच्या भरवशावर ही माणसं गेली आणि आली. पण हे बोलून दाखवायला कोणाचं तोंड उघडलं नाही.

मग देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. परबाण उतरवू का, म्हणून विचारलं. डावी पडली. गुरवाने सांगितलं, पाकळी ओली होती. पुन्हा लावली, पुन्हा डावी. उजवी पडेपर्यंत विचारत राहिले. शेवटी पडली उजवी. देवी तरी किती वेळ नाही म्हणेल?

दुलबाने स्वतःच्या हाताने दोर सोडला. परबाण खाली आलं. बायांनी द्वारकीला धरून इथे या पायरीवर बसवलं आणि तिच्या बांगड्या फोडल्या. मग परबाण पुन्हा चढलं, आता दुलबाच्या गलबतासाठी. ढोल वाजले, नारळ गेला, गलबत निघालं.

दिवाळीनंतर एक माणूस किनाऱ्या-किनाऱ्याने चालत गावात आला. दाढी वाढलेली, पायाला चिंध्या. आधी कोणी ओळखलं नाही. तो हिरबाच्या गलबतावर रांधणारा नागू होता. त्याने सांगितलं ते असं. शिमग्याआधी वादळात डोलकाठी मोडली. दूरच्या एका बंदरात अडकून पडले, नवी काठी घडवली आणि पाऊस सरायची वाट बघितली. नारळी पौर्णिमेला तिथेच नारळ दिला आणि त्याच सकाळी घराकडे निघाले.

"सगळे गाणी म्हणत होते," नागू म्हणाला. "वारो नाय, दोर तुटलेलो नाय. कोणीतरी वरसून सोडल्यासारख्यां परबाण खाली इलां." परबाण शिडासकट माणसांवर कोसळलं, गलबत कलंडलं आणि बुडालं. हिरबा शिडाखालीच राहिला. एकटा नागू फळी धरून वाचला.

कोणत्या वेळी, हे कोणी त्याला विचारलं नाही म्हणे. विचारायची गरज नव्हती.

द्वारकीने सगळं ऐकून घेतलं. उठली, कासाराच्या घरी गेली आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून बाहेर आली. बाया ओरडल्या, तेव्हा ती म्हणाली, "घोव जितो होतो तेव्हा फोडलात. आता मेलो, आता भरतंय."

मग ती बापाचा सामता घेऊन देवळात आली. सामता म्हणजे भोकं पाडायचं हत्यार. तुळईला शिडी लावून वर चढली, परबाणातून डोलकाठीपर्यंत भोकं पाडली आणि बांबूच्या मेखा ठोकल्या. गाव खाली उभं होतं. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. खाली उतरून तिने सांगितलं, की ज्याला समुद्राने नेलं त्याला यापुढे गावाने मारायचं नाही. देवळातला दोर बाईच ओवेल, आणि परबाण कोणी उतरवणार नाही.

तुम्ही विचाराल, दुलबाचं काय झालं? काही नाही. त्याचं गलबत भरून आलं. तो म्हातारा होऊन खाटेवर मेला. शेजारच्या गावात ही गोष्ट सांगतात तेव्हा त्याचं गलबत बुडवतात, ऐकणाऱ्याला बरं वाटतं म्हणून. मी नाही बुडवत. द्वारकीने केलेलं दुसरं गलबत त्याच्या घरी गेलं. नातवंडं खेळली त्याच्याशी, आणि मोडलं.

आजही नारळी पौर्णिमेला आम्ही बायका इथे बसून जुने दोर काढतो आणि नवे ओवतो. पुरुष बाहेर थांबतात. मेखांना कोणी हात लावत नाही. आणि आजही हरणटोकात समुद्रावर गेलेल्याची बायको बांगड्या फोडत नाही, कुंकू पुसत नाही. बाहेरचे लोक म्हणतात, किती चांगली रीत! आहे चांगली.

मघापासून तुम्ही माझ्या हातांकडे बघताय, ते कळतंय मला. आमचे हे मचवा घेऊन समुद्रावर गेले तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आता त्याचे केस पिकायला लागलेत. गेल्या वैशाखात माझी एक बांगडी पिचली, तर कासार आपणहून दारात आला आणि नवी भरून गेला. काही बोलला नाही. या गावात कोणी बोलत नाही. द्वारकीला गावाने एका सकाळीत विधवा केलं, मला कोणी होऊच देत नाही. दरवर्षी मी त्या शिडीवर चढते, नवा दोर ओवते आणि त्या मेखांकडे बघते. मेखा अजून पक्क्या आहेत.